मधल्या माणसाचा शोध

नवराबायको रस्त्यात भांडायला लागले की लोक कान टवकारतात आणि मान वळवतात. ऐकायचं सगळ्यांना असतं, पण ऐकताना कुणाला दिसायचं नसतं. आमचा धंदा या एका गोष्टीवर चालला.

आम्ही दोघं खासगी गुप्तहेर. छापखान्याच्या वरच्या खोलीत आमचं ऑफिस. खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरच्या कपबश्या थरथरायच्या. आमचे हे आधी विमा कंपनीत होते, लोकांचे दावे खरे की खोटे ते तपासायचे. मी कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायचे. यांना कागद वाचता यायचे, मला माणसं. कामाची वाटणी आपोआपच झाली.

सुरुवातीला एकदा एका गृहस्थाच्या घरासमोर आम्ही तासभर उभे होतो. तो बाहेर आला आणि थेट आमच्याकडे बघत रस्ता ओलांडू लागला. यांचा चेहरा पांढराफटक. मला काही सुचेना, म्हणून मी यांच्यावरच ओरडले, "किती वेळा सांगितलं, नळ नीट बंद करत जा! घरभर पाणी झालंय!" तो गृहस्थ जागच्या जागी वळला आणि खाली मान घालून निघून गेला, जणू नळ त्यानेच उघडा टाकला होता.

तेव्हापासून आम्ही भांडणाचे तीन विषय ठरवून ठेवले. नळ, यांची बहीण आणि हरवलेली छत्री. उत्तरंही पाठ. नियम एकच होता, कामाच्या भांडणात खरं काही आणायचं नाही. खरं भांडण घरी, दार लावून.

एके दिवशी सकाळी जिन्यावरून आवाज आले. "तुझ्यामुळेच गेली ती." "माझ्यामुळे? तुम्ही तरी कधी विचारलंत त्यांना?" दार उघडलं आणि आवाज बंद. आत आले ते तिशीतले नवराबायको. तो चष्म्याच्या दुकानाचा मालक, ती पोस्टात कामाला. दोघं शेजारी बसले, पण मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून.

"ताई, हिला विचारा, चिठ्ठी आणली का," चष्मेवाला मला म्हणाला.

ती हातभर अंतरावर. ती यांना म्हणाली, "साहेब, त्यांना सांगा, पर्समध्ये आहे."

यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे. मग हे चष्मेवाल्याला म्हणाले, "पर्समध्ये आहे."

दहा मिनिटांत आमच्या दोघांच्या माना दुखायला लागल्या. हकिकत साधीच होती. चष्मेवाल्याची आई तेवीस दिवसांपूर्वी घरातून निघून गेली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मी बरी आहे. शोधू नका.' बरोबर नेलं काय, तर दोन लुगडी आणि कापड कापायची मोठी कात्री. पोलीस म्हणाले होते, बाई सज्ञान आहे, सांगून गेली आहे, आम्ही काय करणार? फोटो एकच, लग्नातला, आणि त्यात तिच्या तोंडापुढे कुणाचा तरी हात आलेला.

"आई गेल्यापासून माझं कामात लक्ष नाही," चष्मेवाला म्हणाला. "परवा एका मास्तरांना त्यांच्या बायकोचा चष्मा दिला. दोन दिवस जिन्यावर धडपडत होते बिचारे."

पोस्टातलीने एक कार्ड पुढे केलं. "हे गेल्या आठवड्यात आलं. मजकूर तोच, बरी आहे. शिक्का नदीपलीकडच्या पोस्टाचा. पण तिकडे चाळीस गल्ल्या आहेत." थोडं थांबून ती यांनाच म्हणाली, "साहेब, मी महिनाअखेरपर्यंत थांबणार. त्या नाही आल्या तर मी भावाकडे जाते, कायमची. भिंतींशी बोलत मला राहायचं नाही."

चष्मेवाल्याचा चेहरा पडला. पण तो तिला काही म्हणाला नाही. मला म्हणाला, "ऐकलंत?"

मी ऐकलं होतं. महिना संपायला नऊ दिवस होते.

"बाईंचा स्वभाव कसा आहे?" मी विचारलं.

त्यावर दोघं पहिल्यांदाच एकाच वेळी बोलले. तिला कुणाचं भांडण ऐकवत नाही. वरच्या मजल्यावर आवाज चढला की ही गॅस बंद करून वर जाणार. बाजारात दोन भाजीवाल्या भांडल्या तर पिशवी खाली ठेवून मध्ये पडणार. एकदा दोन कुत्र्यांना समजवायला गेली आणि पाच इंजेक्शनं घेऊन आली.

ते गेल्यावर हे म्हणाले, "चाळीस गल्ल्या. दारोदार विचारत फिरायचं म्हटलं तर महिना जाईल."

"विचारायचं कशाला?" मी म्हटलं. "आपण भांडत फिरू. त्या आपण होऊन बाहेर येतील."

दुसऱ्या दिवशी आम्ही नदी ओलांडली आणि पहिल्याच गल्लीच्या तोंडाशी नळापासून सुरुवात केली. गल्ली संपेपर्यंत नळ, पुढच्या गल्लीत नणंद, त्यापुढच्या गल्लीत छत्री. मला वाटलं होतं तेवढं ते सोपं नव्हतं. एका न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर येऊन यांची बाजू घेतली. "दादा, ऐकून घेऊ नका, माझ्याही घरी असंच आहे!" एकीने वरून बादलीभर पाणी ओतलं, ते नेमकं नळाच्या भांडणात. दोन म्हाताऱ्या छत्रीवरून आमच्या मागे तीन गल्ल्या चालत आल्या. शेवटी एकीने न राहवून विचारलं, "पण सापडली का हो छत्री?"

दोन दिवसांत अठ्ठावीस गल्ल्या झाल्या. माझा घसा बसला.

त्या वर्षी मी वाचायला शिकत होते. तिसऱ्या दिवशी निघायच्या आधी यांच्या फायलीतला एक जुना अहवाल हाताला लागला, म्हणून सहज अक्षरं लावत बसले. जोडाक्षरांपाशी अडखळत होते, पण एक ओळ पुरती लागली. 'मी तीन तास खिडकीशी बसून पाहिले.' खिडकीशी मी बसले होते. हे त्या दिवशी दाढ सुजली म्हणून घरी पांघरूण घेऊन पडले होते. मी फाईल मिटली आणि चपला घातल्या.

एकतिसाव्या गल्लीत मी सुरुवात केली, "नळ परत उघडा टाकलात ना?"

"वॉशर गेलाय, मी काय करू?" हे म्हणाले. ठरलेलं उत्तर.

त्यावर मी म्हणायचं होतं, 'मग नवा आणायला कुणाचे हात दुखतात?' पण तोंडातून निघालं, "आणि खिडकीशी कोण बसलं होतं?"

हे गोंधळले. "कुठली खिडकी? खिडकी आपल्या विषयात नाही."

"तीन तास! माझे पाय सुजले होते, आणि लिहिताना म्हणे 'मी पाहिले'!"

यांच्या लक्षात आलं. गळ्यापर्यंत लाल झाले. "अगं, खरं काढू नकोस," हळूच म्हणाले.

"खरंच काढतेय! सगळ्या अहवालांत मीच मी लिहिलंत का? मला अजून एकच वाचता आलाय."

"पद्धत असते तशी. 'आम्ही' लिहिलं की लोक विचारतात, आम्ही म्हणजे कोण."

"मग सांगायचं, बायको! लाज वाटते का?"

"लाज कसली? तूच म्हणायचीस ना, कागदाचं मला काही सांगू नका?"

"तेव्हा मला कुठे माहीत होतं कागदात काय आहे ते!"

माझा आवाज फाटला. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा राग आणखी वेगळा. तेवढ्यात शेजारच्या दुकानातून गळ्यात टेप अडकवलेली, ओठांत टाचण्या धरलेली एक बाई बाहेर आली. एका हाताने माझं मनगट धरलं, दुसऱ्याने यांचं, आणि आम्हाला आत नेऊन दोन स्टुलांवर समोरासमोर बसवलं. दुकान कपडे दुरुस्त करून देणाऱ्याचं होतं. भिंतीला पँटी टांगलेल्या, उसवलेल्या बाह्या, झिपा. बाईने टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"आता बोला," ती यांना म्हणाली. "ही काय म्हणाली?"

"ही म्हणते, मी तिचं श्रेय—"

"मला नको सांगू. तिच्याकडे बघ आणि तिला सांग, तिचं म्हणणं काय आहे."

हे माझ्याकडे वळले. "तुझं म्हणणं असं की मी अहवाल लिहायची पद्धत पाळली."

"चूक," बाई म्हणाली. "परत."

"तुझं म्हणणं असं की... बसलीस तू आणि नाव लागलं माझं."

"हं. आता तू सांग गं, याचं काय म्हणणं आहे?"

"यांचं म्हणणं, मी कधी विचारलंच नाही," मी म्हटलं. म्हणताना लक्षात आलं की ते खोटं नव्हतं.

असा अर्धा तास गेला. यांनी कबूल केलं की दाढेचं दुखणं सकाळीच थांबलं होतं. मी कबूल केलं की यांच्या बहिणीबद्दल मी कामाच्या निमित्ताने बोलते ते सगळंच नाटक नसतं. बाई दोघांच्या मध्ये उभी राहून मान हलवत होती, सामना बघावा तशी. आम्ही तिथे कशासाठी आलो होतो, हे आम्ही दोघंही साफ विसरलो होतो. असा गुप्तहेर दुसरा कुठे मिळायचा नाही, जो हरवलेल्या माणसासमोर अर्धा तास बसून त्याला आपलं गाऱ्हाणं सांगतो.

मग तिने मला डोळे पुसायला कापडाचा तुकडा दिला. तो कापायला तिने कात्री उचलली. हातभर लांब, चांगली वजनदार, अशी कात्री कुणी चार दिवसांसाठी पाहुणी म्हणून जाताना नेत नाही.

"अहो," मी यांना म्हटलं. यांनीही तेव्हाच बघितलं होतं.

आम्ही सगळं सांगून टाकलं. जिने इतकं निस्तरलं, तिच्याशी खोटं बोलायला जीभ रेटेना. बाई रागावली नाही. तिने एकच विचारलं, "कुणी पाठवलं? मुलाने की सुनेने?"

"दोघांनी."

"दोघं बरोबर आले?"

"बरोबर. जिन्यावर तर भांडतच होते."

"भांडत होते? एकमेकांशी?" बाई स्टुलावर बसली. "तोंडाने?"

"अगदी कडाक्याने. खोलीत आल्यावर मात्र आमच्या तोंडून बोलायला लागले."

बाई इतकी हसली की टेप गळ्यातून घसरला. मग सांगू लागली. "चार वर्षं मी त्या घरात टेलिफोनची तार होते. 'आई, हिला सांग भाजीत मीठ कमी आहे.' 'आई, त्यांना सांगा मीठ त्यांच्या हाताशीच आहे.' एका टेबलावर बसून! मलाही आधी बरं वाटायचं, दोघांना आपल्याशिवाय चालत नाही. सगळ्या जगाची भांडणं मिटवणारी मी. पण माझ्याच घरात भांडण होऊ दिलं नाही मी. आवाज चढायच्या आधीच मध्ये पडायचे. मग ती दोघं बोलायला शिकणार कधी? म्हटलं, आपण निघावं. तार तुटली तर हाका मारतील." तिने मशीनवरची पँट सरळ केली. "आणि इथे मला आवडतं, ते वेगळंच. पत्ता देऊ नका हं."

"पण सूनबाई महिनाअखेरीला भावाकडे निघाल्यात," मी म्हटलं. "कायमच्या."

बाईचं हसू थांबलं. तिला हे माहीत नव्हतं. तिने पँटीची शिवण बोटाने चाचपली.

"आणा दोघांना," ती म्हणाली. "पण मी एकही निरोप पोचवणार नाही."

दोन दिवसांनी दुपारी आम्ही त्यांना घेऊन गेलो. चष्मेवाला आईला बघून रडला. सून पाया पडली आणि तिनेही डोळे पुसले. मग बाईने टाचण्यांची उशी घेतली, पाच-सहा टाचण्या ओठांत धरल्या आणि एका झग्याची खालची पट्टी दुमडायला बसली. आम्ही दाराशी उभे.

"आई," चष्मेवाला म्हणाला, "हिला सांग, भावाकडे जाऊ नको म्हणावं."

बाईने टाचणी टोचली. मान वर केली नाही.

"आई, ऐकतेस ना?"

दुसरी टाचणी. त्याने माझ्याकडे बघितलं. मी टांगलेल्या पँटी मोजायला लागले. त्याने यांच्याकडे बघितलं, तर हे आपल्या बुटांकडे बघत होते. सून उभी होती, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून. शेवटी तो वळला. वळायला त्याला केवढा वेळ लागला! दाराच्या बिजागरीला गंज चढला की लागतो तसा.

"तू जाऊ नकोस," तो म्हणाला.

"का?" ती म्हणाली.

त्याला हे अपेक्षित नव्हतं. "का म्हणजे... तू नसलीस तर मी..." तो परत आईकडे वळायला लागला, तशी ती ओरडली, "तिकडे नाही! इकडे बघा!"

आणि मग धरण फुटलं. चार वर्षांचं मीठ निघालं. त्याने तिच्या वाढदिवसाला आईच्या हाती पाठवलेली साडी निघाली. तिच्या बदलीची बातमी त्याला शेजाऱ्याकडून कळली होती, तीही निघाली. तो म्हणाला, "मला भीती वाटते तुझी!" ती म्हणाली, "मला काय कमी वाटते?" रस्त्यावरून जाणारे थबकले आणि दुसरीकडे बघू लागले.

बाईच्या ओठांतल्या टाचण्या थरथरत होत्या. तिचा एक पाय दोनदा स्टुलावरून खाली आला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवून ठेवलं. अंगात ताकद फार होती हो त्या बाईच्या.

हळूहळू आवाज उतरले. सूनबाईने स्वतःहून त्याच्या शर्टाच्या खिशातला रुमाल काढून त्याला दिला. मग दोघं आईसमोर आले.

"घरी चला, आई," ती म्हणाली.

बाईने टाचण्या काढल्या. "नाही गं. रविवारी येईन, पाहुणी म्हणून. जेवायला काय करायचं, ते तुम्ही दोघं मिळून ठरवा. मला विचारायचं नाही."

"आणि दर रविवारी?" तो म्हणाला.

"ते तिला विचार."

ते दोघं गल्लीतून निघाले. बाई दारात येऊन बघत राहिली. लांबचं तिला नीट दिसत नव्हतं, मुलगा चष्मेवाला असूनही.

"बसच्या थांब्याशी उभे राहिले का?" तिने विचारलं.

मी बघितलं. दोघं हातवारे करत बोलत होते. बस आली, थांबली आणि गेली. ते थांबा ओलांडून पुढे गेले होते.

"नाही," मी म्हटलं. "थांबा मागेच राहिला. चालतच निघालेत."

"पाच मैल आहे घर."

"हाक मारू का?" यांनी विचारलं.

"नको, जाऊ दे," बाई म्हणाली आणि मशीनकडे वळली. "बोलणं खूप साठलंय. पाच मैल पुरले तरी खूप."