कापलेले उठणे

मित्रांनो, मी फिल्मची एक जुनी पट्टी आहे. माझी लांबी अवघी नऊ सेकंद. माझ्यात एक माणूस घोड्यावरून पडतो.

जन्मले तेव्हा मी याहून लांब होते. ॲरिझोनाच्या लाल खडकांत स्वस्तातले घोडेस्वारांचे चित्रपट निघत, त्यातलाच माझा जन्म. आदिवासी टोळीचा सरदार व्हायला शहरातून एक गोरा नट आणला होता. त्याला तपकिरी रंग फासला होता आणि बोलणे सगळे त्याचेच होते. पडण्याचे काम तिथल्या खऱ्या आदिवासींचे, मेंढ्या राखणाऱ्या दिने लोकांचे. त्यांतल्या एकाचे नाव की बित्सिली. मेल्याचे सोंग घेतले की मरण घराची वाट ओळखते, असे त्याच्या माणसांत मानतात. म्हणून त्याने आधीच बजावले होते, पडेन, पण लगेच उठेन. तो पडला, उठला आणि हसत घोड्यामागे धावला. कॅमेऱ्याने सगळे टिपले. पुढे कात्रीने त्याचे उठणे कापले आणि ते केरात गेले.

मग मला एकामागून एक चित्रपटांत डकवले. नवे चित्रण महाग, मी फुकट. की कधी अपाची टोळीतला म्हणून पडला, कधी कोमांची टोळीतला म्हणून. त्याचे नाव कुठेच आले नाही. माझे मात्र कौतुक होई. पण कापलेल्या कडेपलीकडे कुणीतरी हात टेकून उठू पाहते आहे, असे मला सतत वाटे.

एके दुपारी कीच्या वस्तीतल्या लोकरीच्या गोदामात, खिडक्यांना घोंगड्या लावून, मला दाखवले. कीला त्याच्या बायकोने आणि मेहुण्याने धरून आणले होते. आधीच्या हिवाळ्यापासून त्याला अंथरुणातून उठवत नव्हते. विधी झाले, दवाखाना झाला, कारण सापडेना. त्याची बायको डेझबा मला पहिल्यांदाच पाहत होती.

"दाजी, आज कितव्यांदा मेलात?" मेहुण्याने विचारले. लोक हसले. डेझबा हसली नाही.

"तू उठलास कुठे?"

"उठलो होतो गं. त्यांनी ठेवलं नसेल."

"म्हणजे तू अजून तिथेच पडलायस."

हसणे थांबले. तिने यंत्रवाल्याला मला रिळातून सोडवून उलटे लावायला सांगितले. उडालेली धूळ जमिनीत शिरली. की उताणाच वर उचलला गेला, घोड्यावर बसला आणि बंदुकीच्या धुराकडे मागे मागे सरकत गेला.

"हे उठणं नव्हे," ती हळूच म्हणाली. "त्याला परत ओढून नेतायत. सरळ लाव."

मी पुन्हा सरळ धावले. की पडला. मी संपले आणि पडदा नुसता पांढरा राहिला.

त्या उजेडात की मेहुण्याच्या खांद्याला धरून पुढे गेला आणि पडद्याशी, जिथे तो पडला होता तिथेच, खाली बसला. बराच वेळ हलला नाही. मग त्याने मेहुण्याचा हात बाजूला सारला, दोन्ही तळवे जमिनीला टेकले आणि उभा राहिला. पडद्यावरची त्याची सावली थोडी मागाहून उठली. ते सगळ्यांनी पाहिले.

"उठलो," की म्हणाला.

डेझबा त्याला चालवत घरी घेऊन गेली. तो बरा झाला का, ते मला कुणी सांगितले नाही. मला पुन्हा रिळात डकवले, आणि अजूनही मी कुठे कुठे दाखवली जाते.

मित्रांनो, कधी मी दिसले, तर एवढे करा. मी संपताच नजर दुसरीकडे वळवू नका. तिथे एक माणूस उठतो आहे, त्याला उठायला वेळ द्या.