सोबतीला शिवतेज

सतराव्या वर्षी मी एकटीनं विमान उडवलं. कराडच्या धावपट्टीवरून उठले, उसाच्या फडांवरून एक फेरी मारली आणि नीट खाली उतरले. शेजारी शिकवणारे सर नव्हते. उतरल्यावर त्यांनी पहिल्या एकट्या उड्डाणाच्या रिवाजाप्रमाणे माझ्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं.

निथळतच मी वडिलांना फोन लावला. आप्पा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेत.

"आप्पा, एकटीनं उडवलं!"

"शाब्बास, सृष्टे! आता तितंच थांब. शिवतेजला धाडतो."

"आवं, रिक्षा मिळती की. येते मी."

"एकटी? हायवेवरनं? डोकं फिरलंय का तुजं?"

गावात मला सायकलसुद्धा वेशीपर्यंतच. विमानाला आप्पांची हरकत नाही, कारण वर वाटेत कुणी ओळखीचं भेटत नाही.

शिवतेज माझा धाकटा भाऊ. वय पंधरा, लायसन नाही, यंदा दोनदा मोटरसायकलसकट उसात गेलेला. पण पोरगा ना!

उलट्या बाजूनं, एका हातानं मोबाइल कानाला लावून तो आला.

"बस ताई. घट्ट धर. भिऊ नको, मी हाय."

मी मागं बसले. त्यानं दोन्ही हात सोडून केस सारखे केले आणि उसाच्या दोन ट्रकांमधल्या फटीत गाडी घातली. मी डोळे मिटून म्हसवडच्या सिद्धनाथाला हाक मारली.

वर असताना देवाची गरज पडली नव्हती.