धानाच्या दिवसांतली लांब घंटा

दिघोरीत मळणीचे दिवस आले, धानाचं चुरणं सुरू झालं, की टिकाराम आपलं थ्रेशर कुणाच्या बापासाठी थांबवत नसे. म्हणून गावातली आशा कार्यकर्ती हर्षा हिने ग्रामसभेत, "शाळेची घंटा लांब वाजली का साऱ्या मशीनी बंद," असं मांडताच सर्वांत आधी हाच उसळला.

"एखाद्या पोट्ट्याले ठसका लागला म्हनून सारा गाव काहून थांबन?"

"दम्याचे सात लेकरं आहेत जी गावात, टिकारामभाऊ. भुसा उडला का त्याईचा श्वास कोंडते."

टिकाराम दचकला. त्याच्या समजुतीने गावाला ठाऊक होती ती सहा. सातवी त्याची आठ वर्षांची टीना. पण पोरीची जात, उद्या सोयरीक जमवायची, म्हणून त्याने तिचा दम्याचा पंप कपाटात कुलूपबंद केला होता. कुणी विचारलंच, तर "सर्दी आहे," म्हणून मोकळा होई. माणूस वाईट नव्हता. अक्कल तेवढी गहाण पडली होती. हर्षाने नावं घेतली नाहीत, तसा त्याचा जीव भांड्यात पडला. ठराव मात्र मंजूर झाला.

डिसेंबरातल्या एका दुपारी वारा फिरला आणि भुसा शाळेकडे उडू लागला. थोड्याच वेळात घंटा वाजली. वाजतच राहिली.

तलावाच्या पाळीजवळचं मशीन बंद पडलं. मग बौद्धवाड्यातलं, मग सडकेवरचं. ऐन हंगामात गाव असं गप्प झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. एकट्या टिकारामचं थ्रेशर धडधडत होतं. पेंढ्या देणाऱ्या पार्वताबाईने हातातली पेंढी खाली टाकली.

"बंद करा जी!"

"कोनाचं पोरगं आहे?"

"कोनाचंबी असो!"

चडफडत त्याने मशीन बंद केलं आणि गुरुजींना दोन शब्द सुनवायला शाळेत गेला. तो व्हरांड्यात पोचला.

टीना पुढे वाकून बसली होती. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचं तोंड तिच्या ओठांत, बुडाला पाडलेल्या भोकात पंप. वर्गातली रेणू तो दाबून धरत होती. शेजारी हर्षा होती, गुरुजी गाडी बोलवायला मोबाइल हातात घेऊन तयार. बाकीची तीस पोरं गर्दी न करता, भिंतीला टेकून, हळू आवाजात मोजत होती, "एक... दोन... तीन..." त्या तालावर टीना श्वास ओढत होती. टिकारामचे डोळे भरून आले. एवढीएवढी पोरं, आणि त्यांनी त्याच्या लेकीचा जीव असा तोलून धरला होता!

"तुम्हाले... कसं मालूम?" त्याने हर्षाला विचारलं.

"टीनाच्या मायनं सांगतलं जी. सही करून दुसरा पंपबी देल्ला शाळेत. साऱ्या गावाले मालूम आहे."

सारा गाव जाणून होता, आणि एकानेही त्याच्या तोंडावर तसं दाखवलं नव्हतं. टिकाराम टीनाजवळ जाऊन बसला.

टीनाने बाटली बाजूला केली. छातीची घरघर अजून पुरती गेली नव्हती.

"बाबा, आपली मशीन सगळ्याईच्या मागून बंद झाली. मले आयकू येत होतं."

तेवढ्यात सडकेवरून कुणीतरी ओरडलं, "सुरू करू काय जी?"

टिकाराम धडपडत उठला, फाटकापर्यंत धावला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "थांबा बावा! माह्या टीनाले दमा आहे! अजून उतरला नाई!"

एकही मशीन सुरू झालं नाही.