मास्तरांच्या झोपेच्या दोन वह्या

दुकान बंद केलं आणि मास्तरांची झोप उडाली. चाळीस वर्षं कोट शिवलेला माणूस आता साडेआठलाच अंथरुणावर पडायचा, दोनला टक्क जागा व्हायचा आणि घरभर फिरत डबे वाजवायचा. सकाळी सगळ्यांना एकच ऐकवायचं, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

शेवटी सून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मास्तरांनी गोळी मागितली. या वयात गोळी घेऊन कुणी रात्री उठलं, की तोल जाऊन पडण्याची भीती, म्हणून बाईंनी ती दिली नाही. दोन आठवडे झोपेचा वेळ वहीत लिहा म्हणाल्या. सुनेने गुपचूप त्यांच्या झोपेची आपलीही एक वही ठेवली.

पुढच्या खेपेला बाईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. मास्तरांची म्हणत होती, रात्री जेमतेम पाच तास. सुनेची म्हणत होती, दुपारी दीड ते चार, आरामखुर्चीत, घोरण्यासकट.

"मी पेपर वाचत होतो," मास्तर म्हणाले.

"पेपर उलटा होता, बाबा."

बाई हसल्या. "मास्तर, कापड पुरेसं आहे. बेतलंय चुकीचं."

ही भाषा मास्तरांना लगेच कळली. दुपारची झोप बंद, डोळे जड झाल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, झोप नाही आली तर उठून बसायचं आणि काही झालं तरी सकाळी सहाला उठायचं, असं ठरलं.

पण दुपार काढायची कशी? सून पोस्टातून एकला घरी यायची. तिने घरी आणून ठेवलेल्या शिलाई मशीनवरचं आच्छादन काढलं आणि मला यांच्यासाठी जाकीट शिवायला शिकवा म्हणाली. इतक्या वर्षांत तिने हे कधी मागितलं नव्हतं. मास्तर आतून सुखावले, वरून मात्र कुरकुरले. तिची शिलाई इतकी वाकडी जायची, की बघूनच त्यांची पेंग पळायची. उसव, पुन्हा घाल, असं करत चार कधी वाजायचे ते कळायचं नाही.

पहिला आठवडा जड गेला. तिसऱ्या आठवड्यात अकराला पडलेले मास्तर थेट सहाला उठले. मध्ये कधी जाग आली तरी आता ते धसका घेत नसत.

जाकीट झालं. एक खांदा वर, एक खाली. मास्तरांचा मुलगा ते घालून कामावर गेला. त्या रात्री मात्र मास्तरांना झोप लागायला अर्धा तास जास्त लागला. खांदा उसवावा, की पोराला एक खांदा वर करून चालायला शिकवावं, हे काही ठरेना.