शिकंज्याचा हेवा

मी एक जुना शिकंजा आहे. पुस्तकं बांधताना दाबून धरायला असतो तो. दोन जाड फळ्या, दोन लोखंडी मळसूत्रं आणि वर फिरवायची मूठ, एवढंच माझं शरीर. एका सुताराने मला बनवलं आणि लोहाराने मळसूत्रं घातली. मित्रांनो, तुमच्यासारख्या कितीतरी मुलांच्या वह्या माझ्या पोटातून गेल्या आहेत.

माझा मालक पुस्तकबांधणी करायचा. गल्लीतली मुलं त्याला बाइंडरचाचा म्हणत आणि त्याच्या बायकोला चाची. पुढच्या खोलीत दुकान होतं, मागच्या खोलीत संसार. चाचाच्या बोटांना कायम खळ चिकटलेली असायची. त्याच हातांनी तो माझी मूठ फिरवायचा आणि म्हणायचा, "आवळ बाबा, आवळ." दर शनिवारी मला तेल मिळायचं. शाळेचे शिक्षक म्हणायचे, "चाचा, तुमची बांधणी म्हणजे दगड!" ते कौतुक मी निम्मं माझं समजायचो.

पण माझ्या मनात एक काटा होता. धर्मग्रंथ दुरुस्तीला आला की चाचा त्याला माझ्यात घालायचा नाही. "याला पिळायचं नाही," म्हणायचा. हात धुवायचा, स्वच्छ फळी घ्यायचा आणि तिच्यावर दोन्ही तळवे ठेवून तासभर दाबून बसायचा. तासभर! मला त्याने कधी एवढा वेळ हात लावला नाही. मी कोपऱ्यात जळत असायचो.

शुक्रवारी दुपारी नमाजानंतर सात जण दुकानात बसायचे. चाचा एका जाड पुस्तकातून वाचायचा. त्यात धर्मग्रंथातली वचनं होती आणि एका जुन्या विद्वानाने त्यांचा सांगितलेला अर्थ होता. मग सरकारने ते पुस्तक बंदीच्या यादीत टाकलं. परवानगीवाचून असं एकत्र बसून धर्माचं वाचणं हाही गुन्हा ठरला. सात जण तरीही येत राहिले.

एका शुक्रवारी वाचन चालू असताना चाचीला खिडकीतून पोलिसांची गाडी दिसली. तिने चाचाच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं. माझ्यात शाळेची हजेरीपुस्तकं दाबलेली होती. तिने भराभर मूठ उलटी फिरवली, हजेरीपुस्तकं वर उचलली आणि पुस्तक खाली सरकवलं. मित्रांनो, पहिल्यांदाच ते माझ्या पोटात आलं! मी ते कोणाला सापडू दिलं नसतं. पण हजेरीपुस्तकं परत ठेवताना चाचीचा हात थांबला.

"याच्यावर ही कशी ठेवू?" ती म्हणाली.

धर्माच्या पुस्तकावर दुसरं काही ठेवायचं नाही, ही त्या घरची रीत. तिने ते काढून घेतलं आणि घरातल्या सर्वांत उंच फळीवर ठेवलं. आत येणाऱ्याची पहिली नजर तिथेच जायची.

अधिकाऱ्याने ते खाली उतरवलं. "संघटना चालवता?" त्याने विचारलं.

"कसली संघटना, साहेब," चाचा म्हणाला. "सात जण आहोत. त्यातल्या एकाला ऐकू येत नाही."

पुस्तक पोत्यात गेलं तेव्हा मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. सुटलो, म्हटलं. मग त्यांनी चाचाचे हात धरले, आणि ते हातही गाडीत गेले.

त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. एक कागद मात्र त्याच्यापुढे ठेवलेला असायचा. 'माझं चुकलं, पुन्हा असं वाचणार नाही' एवढ्यावर सही केली की निम्मी शिक्षा माफ. चाचाने सही केली नाही. मी मनात म्हणत राहिलो, कर रे बाबा. एका पुस्तकासाठी तू आम्हाला सोडतोस?

त्याची पत्रं यायची आणि चाची ती माझ्याशेजारी बसून मोठ्याने वाचायची. एका पत्रात लिहिलं होतं, 'इथे मला बांधणीचं काम दिलं आहे. शिकंजा सगळा लोखंडी आहे, छान चालतो.' छान चालतो! आठवडाभर मला दुसरं काही सुचलं नाही. पत्र वाचून चाची मला म्हणाली, "बघ, तुझी सवत." आणि हसता हसता खोकू लागली.

तो खोकला थांबला नाही. चौथ्या वर्षी ती भिंत धरून चालू लागली. तिचा धाकटा भाऊ यायचा, औषधं आणायचा आणि भांडायचा.

"आपा, त्यांना कळव."

"कळवलं तर ते सही करतील."

"मग करू दे की! माणूस घरी येईल."

"येईल. आणि माझ्याकडे बघितलं की त्यांना ती सही दिसेल. गप्प बस तू."

माझ्या फळीवर कागद ठेवून तिने लिहिलं, 'मी ठणठणीत आहे. तब्येत सांभाळा.' मित्रांनो, तेव्हा मला चाचीचाही हेवा वाटला. मला तो परत हवा होता, कसाही. तिला तो जसा गेला तसाच हवा होता.

ते पत्र पोचलं त्याच आठवड्यात ती गेली. भावाने खबर पाठवली. मातीला येण्याची परवानगी चाचाला मिळाली नाही.

शिक्षा पुरी भोगून तो आला. मागच्या खोलीत गेला, तिथली खाट बघितली आणि पुढे येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसला.

"ठणठणीत म्हणे," तो म्हणाला. "अगं, मला विचारायचं तरी होतंस. केली असती मी सही."

त्याने खरंच केली असती का, मला माहीत नाही. त्यालाही कधी कळणार नाही. तो प्रश्न तिने त्याच्यापर्यंत पोचूच दिला नाही.

आता चाचा रोज माझ्याजवळ बसतो, पण काम करत नाही. माझी मळसूत्रं गंजली आहेत. मी एवढी वर्षं त्याची वाट पाहिली आणि तो आला तो तिचा होऊन आला. पुस्तकाशी मी झगडू शकत होतो. जी घरात नाही तिच्याशी कसा झगडू?

मुलांनो, तुमच्या माहितीतला कोणी आपल्या श्रद्धेपायी कोंडला गेला असेल, तर त्याच्या घरी जात जा. घरच्यांची विचारपूस करा. आणि तिथलं कोणी आजारी असेल, तर कोंडलेल्याला खरं लिहून कळवा. काय करायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या.