काचेआडची दुर्दाने

खानावळीच्या काचेवर नाक टेकवून तो लालबुंद माणूस माझ्या सख्ख्या बहिणीकडे बघत होता. अंगात सदरा नाही, पायात रबरी चपला, पाठीची सालं निघालेली. त्यानं फोन वर धरला, काचेवर टिचकी मारली आणि पिंजऱ्यातल्या माकडाला करतात तशी खूण केली. इकडे बघ, हस.

दुर्दाने हसली.

मला तिथल्या तिथं थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही. आमच्या डोंगरातल्या आर्दिचलीत बायका रस्त्यात थुंकत नाहीत. पण या समुद्रकाठच्या कुमबुर्नूत रस्ता तरी कुठं होता? नुसता वाळूचा, तेलाचा आणि वितळलेल्या आइस्क्रीमचा चिखल. उन्हात पडून राहायला लोक अंगाला जे फासतात त्याचा वास सगळ्या गावाला. ज्या समुद्राचं एवढं कौतुक, तो पलीकडे मासे धुतलेल्या पाण्यासारखा पसरलेला. बायका टॉवेल गुंडाळून दुकानात शिरतात, पुरुष तेवढंही गुंडाळत नाहीत.

सकाळी नऊला डोंगरातून निघाले होते. मिनीबसवाल्या हायदरला उतरताना बजावलं होतं, "पाचला परत निघशील तेव्हा पुढच्या दोन जागा धरून ठेव. एक माझी, एक दुर्दानेची."

"येते म्हणाली का ती?"

"तिला विचारलंय कुणी?"

हायदर मिशीतल्या मिशीत हसला. का हसला ते मला दुपारी कळलं.

दुर्दाने माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी, म्हणजे तिनं एकसष्टी ओलांडली. सहा वर्षांपूर्वी घराला कुलूप लावून जी डोंगर उतरली ती पुन्हा वर आली नाही. कुठंतरी भांडी घासत असेल असं आम्ही धरून चाललो होतो. भांडी घासण्यात लाज नाही. पण गेल्या आठवड्यात नातवानं फोन माझ्या नाकासमोर धरला, "आजी, ही बघ हसरी म्हातारी! कुठल्या कुठल्या देशातले लोक बघतायत हिला." आमच्या बापाची मुलगी, कपाळावर खोट्या नाण्यांची झालर, अंगात चकचकीत सलवार, मागं कुमबुर्नूच्या खानावळीची पाटी, आणि दात काढतेय! दोन दिवसांत गावातल्या चहाच्या दुकानातल्या सगळ्या रिकामटेकड्यांनी ते पाहिलं.

शिवाय येत्या गुरुवारी माझ्या घरच्या पोळ्या होत्या.

आमच्याकडे उन्हाळा सरला की हिवाळ्याच्या पोळ्या लाटतात. कागदासारख्या पातळ, हातभर रुंद, उपड्या तव्यावर कोरड्या भाजलेल्या. दोन-तीनशेची चळत रचून ठेवायची, खाताना पाण्याचा हात मारला की मऊ. हे काम एकटीचं नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, अशा सगळ्या जमतात. एक मळते, तिघी-चौघी लाटतात, एक भाजते. बोलावणं जात नाही. जिची पाळी तिच्या चुलीचा धूर दिसला की आपापलं लाटणं घेऊन जायचं. कुणाची पाळी कधी, हे आधी माझी सासू ठरवायची. ती गेल्यापासून तीस वर्षं मी ठरवते. गुरुवारी मला दुर्दाने चुलीपाशी हवी होती.

दार ढकललं तर पांढऱ्या सदऱ्यातला एक तुळतुळीत माणूस आडवा आला.

"या मावशी, या! अस्सल गावचा नाश्ता तयार आहे."

"कुठल्या गावचा?"

तो गडबडला. "गावचा म्हणजे... गावचाच की."

"मग त्या गावात जाऊन खाईन मी. हो बाजूला."

हा मालक, तायफुन साहेब. अंकाराहून आलेला. भिंतीवर त्यानं चाळण्या आणि बैलाचं जू टांगलं होतं. जू! ज्या लाकडाखाली माझ्या बापाचे बैल मेले, ते याच्या भिंतीवर, आणि त्याला प्लॅस्टिकची फुलं. खाली एक पोरगी पोळीत केळं आणि चॉकलेट घालून चाटत बसली होती.

दुर्दाने काचेलगतच्या उंच ओट्यावर मांडी घालून बसली होती. मला पाहिलं. लाटणं थांबलं नाही.

"आलीस, आब्ला?" लहानपणापासून ती मला आब्लाच म्हणते, थोरली म्हणून.

"ऊठ."

"बस आधी. पाणी घे."

"पाणी मी घरी पिईन. पाचची गाडी आहे. हे जत्रेतलं सोंग उतरव आणि आपले कपडे घाल."

"आत्ता बारा वाजलेत."

"मग भांडायला भरपूर वेळ आहे."

ती हसली. हे हसणं फोटोतलं नव्हतं, ते मी ओळखते. तिनं पोळीवर पालक आणि चीज पसरलं, चारी बाजूंनी दुमडली आणि तव्यावर टाकली. तव्याखाली गॅस! तव्याजवळ बसायचं तर डोळ्यांत धूर जायला हवा, त्याशिवाय पोळीला पोळी कोण म्हणेल? आणि वरून कसलं तरी पिवळं तूप, ज्याला गाईचा वाससुद्धा लागलेला नाही.

"शी! हे खातात?"

"मिटक्या मारत खातात."

"कपाळावर काय बांधलंयस ते? आपल्या आईनं तरी कधी घातलं होतं का असलं?"

"तायफुन साहेबांना आवडतं. म्हणतात, याच्यानं गिऱ्हाईक येतं."

"त्याच्या आईच्या कपाळाला बांध म्हणावं."

मागं तायफुन साहेब खोकला. दुर्दानेनं खाली मान घातली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. हसत होती.

मी ओट्याच्या कडेला टेकले. काचेपलीकडे आता दोन बायका उभ्या, जेमतेम झाकलेल्या. माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलल्या. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या निघून गेल्या.

"गिऱ्हाईक घालवू नकोस, आब्ला."

"तुला लाज वाटत नाही? काचेत बसायला?"

"पहिले आठ दिवस वाटली."

"आणि मग?"

"मग हात लागला कामाला."

मी मुद्द्यावर आले. म्हटलं, घर तुझं तसंच आहे. छपराचे दोन पत्रे उडाले होते, माझ्या थोरल्यानं बसवून दिलेत. अंजिराचं झाड लगडलंय. गुरुवारी माझ्याकडच्या पोळ्या, शनिवारी तुझ्या लावून घेऊ. मीच ठरवणार, कोण नाही म्हणतंय?

तिनं लाटणं पाटावर आडवं ठेवलं. आल्यापासून पहिल्यांदा.

"किती जणी उरल्यात, आब्ला?"

"आहेत पुष्कळ."

"किती?"

"फाद्दिशचा गुडघा गेला. सुल्तानाला मुलानं इझमीरला नेलं. नव्या सुना विकतची आणतात, प्लॅस्टिकच्या पिशवीतली, बुरशीच्या वासाची."

"म्हणजे किती?"

"दोन," मी म्हणाले. "मला धरून."

तिनं कणकेचा गोळा उचलला, पिठात घोळवला, परत ठेवला. आम्ही दोघी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबलो होतो, आणि ती गोष्ट माझी होती.

सांगून टाकते. सहा वर्षांपूर्वी वसंतात दुर्दानेचा नवरा गेला. मयताच्या घरी हलवा भाजतात. त्याचं पीठ परतायचा चमचा घरातल्या थोरलीच्या हातात द्यायचा असतो. दुर्दानेनं तो नणंदेच्या हातात दिला. मी दारात उभी होते, बाह्या वर करून. ती दुःखात होती, तिला कळलं नसेल, असं कुणीही म्हणेल. मी नाही म्हणाले. मी तोंडातून एक शब्द काढला नाही. फक्त शरदात तिच्या पोळ्यांचा दिवस आला, पहाटे तिच्या धुराड्यातून धूर निघाला, आणि मी माझं दार उघडलं नाही.

कुणाला जाऊ नका म्हणाले नाही मी. खरंच नाही. पण माझं दार बंद दिसलं तशी फाद्दिशही थांबली, सुल्तानाही थांबली. सगळ्या गल्लीत एक दार उघडलं नाही. दुर्दानेनं परातभर कणीक मळून ठेवली होती. एकटीच लाटायची, उठून एकटीच भाजायची, परत येऊन लाटायची. उन्हं कलली तेव्हा वाळून दगड झालेली उरलेली कणीक तिनं कोंबड्यांपुढं टाकली. मला कसं माहीत? मी बघत होते. दिवसभर. खिडकीच्या काचेला नाक लावून.

महिन्याभरात तिनं कुलूप घातलं.

"त्या दिवशी माझं दार..." मी सुरुवात केली. हे शब्द डोंगरातून तीन तास घोळवत आणले होते.

"तव्यावरची जळतेय, आब्ला," ती म्हणाली. "उलट तेवढी."

खरंच कड काळी पडली होती. मी लाकडी पट्टी उचलली आणि उलटली. हाताला विसर पडत नाही.

मग तीच बोलली, पिठाकडे बघत. "मी नाही येणार वर. रागानं नाही सांगत. इथं सकाळी मी तवा तापवला की कुणीतरी येतंच. उघडं येवो, नागडं येवो, येतं. मला तेवढं पुरे आहे."

मी काचेकडे पाहिलं. तिच्यावर त्या लाल माणसाच्या नाकाचा तेलकट डाग तसाच होता.

दुर्दाने उठली. जिन्यानं वर तिच्या खोलीत गेली आणि कापडी पिशवी घेऊन आली. तोंड सोडलं तसा वास आला आणि मी ओळखला. आमच्या गिरणीचं पीठ.

"हे कुठून?"

"हायदर आणतो. दर शरदात."

मेला मिशीत हसत होता तो याच्यासाठी.

"गुरुवारी लाटणारी नाही म्हणतेस ना?" ती कणीक मळत म्हणाली. "मग आज लाटू. तू भाज."

तायफुन साहेब लगबगीनं आला. "दुर्दाने मावशी, ही साधी पोळी आपल्या यादीत नाही."

"आज दुपारची मी सुट्टी घेतली."

"पण तुम्ही तर इथंच बसलाय!"

"सुट्टीत कुठं बसायचं ते माझं मी बघेन."

तो माझ्याकडे वळला. हातात लाल बंडी होती, नाणी लावलेली. "मग मावशी, निदान तुम्ही हे अंगात घाला. दोघी सारख्या दिसाल. फोटो छान येईल."

"पोरा," मी म्हणाले, "मी इथं कामाला नाही. मी हिच्या पोळ्यांना आलेय."

त्याला काही कळलं नाही. दुर्दानेचं लाटणं मात्र क्षणभर अडखळलं.

मग आम्ही कामाला लागलो. ती लाटायची, लाटण्यावर गुंडाळून माझ्याकडे सोडायची, मी भाजायची, उलटायची, चळतीवर टाकायची. गॅसचा वास डोक्यात चढला होता. काचेबाहेर माणसं थांबत होती, टिचक्या मारत होती. एकदा वर बघितलं तर तो लाल माणूस परत उभा, आता अंगात सदरा घालून. त्यानं खूण केली. मी हसले नाही. दुर्दानेही हसली नाही. तिला वेळ नव्हता. पोळी चंद्रासारखी गोल आली पाहिजे, नाहीतर मी बोलते हे तिला पाठ आहे.

"ही जाड झाली," मी एकदा म्हणालेच.

"तुझा तवा थंड पडलाय."

साडेचारला कणीक संपली. साठ-पासष्ट असतील, मोजल्या नाहीत. दोनशेचं घर साठात भागत नाही, पण आता घरात खाणारं तरी कोण आहे? दुर्दानेनं कपाळावरची ती झालर सोडून बाजूला ठेवली, पांढऱ्या कापडात चळत बांधली, चारी टोकांची गाठ मारली आणि माझ्या हातांवर दिली. गाठोडं तापलेलं होतं.

"पुढच्या वर्षी चांगलं तूप आण," ती म्हणाली. "या इथल्याचा मलाही वीट आलाय."

मी मान हलवली. ती दारापर्यंत आली नाही. तवा परत तापत होता, दोन गिऱ्हाइकं आत शिरली होती.

मिनीबस भरली होती. समुद्रावरून परतणारी माणसं, ओली, वाळूनं बरबटलेली, पायांवरून पाणी गळत असलेली. हायदरनं सांगितल्याप्रमाणं पुढच्या दोन जागा धरून ठेवल्या होत्या. त्यानं माझ्यामागं रस्त्यावर नजर टाकली, मग गाठोड्याकडे, आणि गाडी सुरू केली.

मी खिडकीशी बसले. गाठोडं शेजारच्या जागेवर ठेवलं. वळणावर चढलेला एक माणूस आमच्यापाशी येऊन उभा राहिला, हातात ओला टॉवेल.

"मावशी, हे उचलता का? इथं कुणी नाही ना?"

"आहे," मी म्हणाले, आणि घाटाची वळणं सुरू झाली तसा गाठोड्यावर हात ठेवला.