दुसरी चौकट

प्रत्येक ड्रॉइंगच्या खाली उजव्या कोपऱ्यात तीन छोट्या चौकटी असतात. पहिली ‘ड्रॉन बाय’, म्हणजे काढलं कोणी. दुसरी ‘चेक्ड बाय’, तपासलं कोणी. तिसरीत शेठची सही. मी सिताराम म्हात्रे, कळंबोलीच्या एका वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं बेंडिंग मशीनवर पत्रा वळवला आणि एकतीस वर्षं दुसऱ्या चौकटीत नुसती आडवी रेघ पाहिली. तपासायचो मी. माप चुकलेलं दिसलं की खडूनं पत्र्यावर बरोबर माप लिहायचो आणि तसा वळवायचो. पार्ट रंगाला गेला की माझं अक्षर पुसलं जायचं. पहिल्या चौकटीतलं साहेबाचं नाव मात्र फाइलमध्ये ऐटीत बसायचं.

या साहेबांना मी ‘खुर्चीवरचे लोहार’ म्हणायचो. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

गेल्या वर्षी खांद्यानं दगा दिला. डॉक्टरांनी पत्रा उचलायला बंदी केली. त्याच महिन्यात आमचा ड्रॉइंगवाला साहेब पुण्याला निघून गेला. कुंदनशेठनी मला वरच्या केबिनमध्ये बोलावलं. शेठ वयानं माझ्या पुतण्याएवढा, पण एकदा बोलला की बोलला.

“काका, तीन महिने देतो. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिका. पहिला जॉब एकट्यानं करायचा. पत्रा वाया न जाता पार्ट बनला तर हे टेबल तुमचं. नाहीतर मी बाहेरून माणूस आणतो, तुमी स्टोअर सांभाळा.”

स्टोअर म्हणजे नट-बोल्ट मोजत रिटायर व्हायची वाट बघणं. मला ते नको होतं. मला ती पहिली चौकट हवी होती. खरं सांगतो, हावरटासारखी हवी होती.

वाशीला क्लास लावला. शिकवणारे प्रीतम सर पंचविशीतले, मला ‘अंकल’ म्हणायचे. पहिला आठवडा माऊस ताब्यात येईना. मग पत्र्याच्या पार्टचा धडा आला. स्क्रीनवर कडेला क्लिक केलं की पत्र्याची बाजू आपोआप उभी राहायची. आवाज नाही, तेल नाही, वजन नाही. आम्ही इतकी वर्षं घाम कशाला गाळला, असं वाटून मला हसूच आलं.

एक दिवस सरांनी विचारलं, दोन मिलीमीटर जाड पत्र्याचा यू आकाराचा चॅनल करायचाय, बाहेरून माप पन्नास, शंभर, पन्नास. वळवायच्या आधी सपाट पत्रा किती लांब कापायचा? सगळी पोरं माऊस फिरवायला लागली. मी बसल्या जागेवरून म्हटलं, “एकशे त्र्याण्णव.” पत्रा वळताना थोडा ताणला जातो, आमच्या मशीनवर दर बेंडला साडेतीन वजा करायचे, हे मला झोपेतही सांगता येतं. सॉफ्टवेअर एकशे चौऱ्याण्णवच्या पुढे दाखवत होतं. सर हसले.

“सर, त्या सॉफ्टवेअरनं कधी पत्रा वळवलाय का?” मी म्हटलं. “बेंडची गोलाई बघा किती धरलीय त्यानं.”

अर्धा मिलीमीटर धरली होती. सरांनी तिथे दोन टाकले आणि आकडा बदलला. एकशे त्र्याण्णव पॉइंट शून्य चार. सगळा क्लास माझ्याकडे वळून बघायला लागला. त्या दिवशी सानपाड्याला घरी पोचलो तर बायको म्हणाली, “लॉटरी लागली का काय?”

तिथूनच माझं डोकं चढलं.

पहिला जॉब आला. एका कोल्ड स्टोरेजमध्ये भिंतीवरून जाणाऱ्या वायरींवर बसवायचं लांबलचक झाकण. तळ अरुंद, पन्नास मिलीमीटर. दोन्ही बाजू उंच, एकशे चाळीस. दोन दिवसांत काढलं. स्क्रीनवर गरागरा फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिलं. पहिल्या चौकटीत नाव टाइप केलं, एस. म्हात्रे. दुसरीत सवयीनं आडवी रेघ ओढली. प्रिंट खाली पाठवली आणि निवांत चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समरा वर आली. समरा मुकादम, माझ्या जागी आता मशीन तीच चालवते. आयटीआय करून आली तेव्हा तिला मीच शिकवलं. आडनावानं मुकादम आणि हुकूम मात्र माझे ऐकायचे, म्हणून मी तिला चिडवायचो. कानावर खडू, हातात माझं ड्रॉइंग. शेठ समोरच बसले होते, त्यांच्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, “काका, जरा खाली येता?”

“काय झाला गो?” जिना उतरतानाच मी तडकलो. “पंच चुकीचा लावला असशील.”

तिनं मशीनपाशी जाऊन माझा पत्रा हातात घेतला. एक बाजू वळवून झाली होती, एकशे चाळीसची, ताठ उभी. दुसरी वळवायला तिनं पत्रा मशीनमध्ये सरकवला, वरून पत्रा दाबणारा पंच सावकाश खाली आणला. पत्रा निम्मासुद्धा वळला नाही तोच उभी बाजू फिरत वर आली आणि पंचाला जाऊन टेकली. तळ अरुंद, बाजू उंच. पुढे वळायला जागाच नव्हती. स्क्रीनवर मशीन नसतं, त्यामुळे तिथे सगळं वळतं.

“तुमीच शिकवलंत ना,” समरा हळूच म्हणाली, “शेवटचा बेंड आधी बघायचा.”

माझे कान तापले. हीच चूक केली म्हणून मी निदान पाच साहेबांचा उद्धार केला होता. आणि आता खुर्चीवरचा लोहार मीच.

“टेन्शन नका घेऊ,” ती म्हणाली. “मी खाली दोन तुकडे करते, एलसारखे. तळाला एकावर एक चढवून स्पॉट वेल्डिंग मारते. मापं तीच राहतील. ड्रॉइंग आहे तसं राहू द्या, शेठना कळणार पण नाही.”

पोरीनं माझं टेबल वाचवायचा रस्ता काढला होता. मी तिच्या कानावरच्या खडूकडे बघितलं. एकतीस वर्षं मी हेच केलं होतं. खाली गुपचूप दुरुस्त करायचं आणि वर दुसऱ्याचं नाव मिरवू द्यायचं. तेव्हा मला किती राग यायचा ते माझं मला माहीत. आता तोच राग मी तिच्या पदरात टाकणार होतो.

“नाय,” मी म्हटलं. “चूक माझी हाय.”

वर गेलो आणि दोन एलचं नवीन ड्रॉइंग काढायला घेतलं. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. पहिल्या चौकटीत माझं नाव. दुसऱ्या चौकटीतली रेघ पुसली आणि लिहिलं, समरा मुकादम. प्रिंट घेऊन शेठपुढे उभा राहिलो.

“एक पत्रा वाया गेला, शेठ. चूक माझी. समरानं पकडली.”

शेठनी कागद हातात घेतला. “पत्रा वाया न जाता, असं ठरलं होतं आपलं.”

“हो. नाय जमलं.”

“आणि ही चेक्ड बाय? मशीनवाली?”

“शेठ, तपासणी मशीनवरच होते. एकतीस वर्षं मीच केली. नाव लिहायची पद्धत नव्हती, एवढंच.”

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग पेन काढून तिसऱ्या चौकटीत सही केली. “यापुढे दुसरी चौकट रिकामी दिसली तर ड्रॉइंग परत पाठवीन.”

“आणि टेबल?”

“उभ्यानं काढणार का पुढचं ड्रॉइंग?”

मी धावतच जिना उतरलो. खांदा दुखतोय हेसुद्धा विसरलो. समरासमोर कागद धरला आणि चौकटीवर बोट ठेवलं. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं. नळाकडे गेली, साबणानं तेलाचे हात धुतले, ओढणीला पुसले आणि मग कागद हातात घेतला. डोळे भरले होते तिचे. मला वाटलं आता थँक्यू म्हणेल. मीही तयारीत होतो.

ती कागद घेऊन उजेडात गेली आणि पहिल्या मापापासून एकेक आकडा बघायला लागली.

“आता काय बघतेस?”

“नाव लिहिलंत, पण मी हे तपासलंय कुठं?” तिनं मान वर केली नाही. कानावरचा खडू काढून स्क्रूच्या एका भोकाभोवती गोल केला. “हे बेंडच्या फार जवळ आलंय. वळवताना ओढलं जाईल. दहा मिलीमीटर मागं घ्या.”

मी वाकून पाहिलं. बरोबर होतं तिचं.

“अगो, शेठची सही झालीय त्याच्यावर!”

“मग परत घ्या सही,” समरा म्हणाली. “माझं नाव हाय खाली.”

मी कागद घेतला आणि पुन्हा जिना चढलो. माझ्याच ड्रॉइंगमध्ये एका दिवसात दुसरी चूक निघाली होती, आणि एकतीस वर्षांत वाटला नव्हता इतका अभिमान मला वाटत होता.